विजेवरच्या गाडीतलं कूलंट गळतंय का, हे कसं पाहायचं?

पेट्रोल-डिझेलच्या गाडीत कूलंट, म्हणजे आत फिरून थंडावा देणारा द्रव, गळू लागलं की ते लपून राहत नाही. इंजिनाभोवतीचं कूलंट ९० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दाबाखाली असतं. जरा फट मिळाली की वाफ निघते, बॉनेटमधून गोडसर वास येतो, तापमानाचा काटा वर चढतो. विजेवरच्या गाडीत यातलं बहुतेक काही घडत नाही. बॅटरीतून फिरणारं कूलंट साधारण २० ते ४० अंशांवर, म्हणजे हाताला जेमतेम कोमट लागेल इतपत असतं. मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला लागते तशी बदलून देणारा भाग) यांच्याकडचं त्याहून गरम, पण तेही सहसा ६०-६५ अंशांपर्यंतच. दाबही कमी असतो. त्यामुळे आवाज नाही, वाफ नाही, वास नाही, आणि गळती मात्र आठवडेच्या आठवडे चालू राहू शकते. गाडी तोवर नेहमीसारखीच धावते.

म्हणून इथे डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागायची वाट पाहणं चुकीचं आहे. खरी तपासणी म्हणजे टाकीतली पातळी ठरावीक वेळी, ठरावीक पद्धतीने बघणं आणि लिहून ठेवणं. जमिनीवर डाग दिसला तर गळती निदान बाहेर आहे एवढं तरी कळतं. पातळी उतरते आहे आणि जमीन मात्र कोरडी आहे, ही परिस्थिती जास्त गंभीर समजायला हवी. या लेखाचा मोठा भाग त्यासाठीच आहे.

कूलंट नेमकं कुठून कुठे जातं

विजेवरच्या गाडीत कूलंटचा एकच फेरा असतो असं समजू नका. बहुतेक गाड्यांत दोन असतात, काहींत तीन. एक बॅटरीचा, एक मोटर, इन्व्हर्टर आणि गाडीतल्या चार्जरचा, आणि काही गाड्यांत केबिन गरम करण्यासाठी तिसरा. हे फेरे झडपांनी एकमेकांना जोडलेले असू शकतात. थंडीत मोटरची उष्णता बॅटरीला द्यायची, उन्हात दोन्ही वेगळे ठेवायचे, असं काम त्या झडपा करतात. काही गाड्यांत प्रत्येक फेऱ्याला वेगळी टाकी असते, काहींत सगळ्यांना मिळून एकच. तुमच्या गाडीत किती टाक्या आहेत आणि कुठे आहेत हे मालकाच्या पुस्तिकेत आधी बघून घ्या. एकच टाकी पाहून 'सगळं ठीक' म्हणणं ही नेहमी होणारी चूक आहे.

बॅटरीच्या फेऱ्यात कूलंट सेलांच्या खाली किंवा मधे बसवलेल्या पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमधून जातं. तिथून ते चिलरमध्ये येतं. चिलर म्हणजे एका बाजूने एसीचा गॅस आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहणारा, मधे फक्त धातूचा पातळ पडदा असलेला डबा. उन्हात किंवा फास्ट चार्जिंगच्या वेळी बॅटरी थंड ठेवण्याचं मोठं काम हाच करतो. कूलंट फिरवतात ते विजेचे पंप. त्यांना जुन्या इंजिनांसारखा पट्टा नसतो, आणि बहुतेकांत फिरणारा दांडा बाहेर येतच नाही. म्हणून 'पंपाचा सील गेला' हे जुन्या गाड्यांतलं नेहमीचं कारण इथे फारसं लागू पडत नाही. इथे गळती होते ती जोडांवर. पेट्रोलच्या गाडीत जेवढे जोड असतात त्याहून इथे पुष्कळ जास्त असतात, कारण थंड करायच्या वस्तूच जास्त आहेत.

थोडंसं कूलंट, पण एवढं महत्त्व का?

कूलंट कमी झालं की पंप हवा ओढू लागतो आणि बॅटरीच्या एखाद्या भागाला थंडावाच मिळत नाही. गाडी मग स्वतःला सांभाळते: फास्ट चार्जिंगचा वेग उतरतो, मोटरची ताकद कमी केली जाते. हा झाला सौम्य परिणाम.

गंभीर परिणाम विजेचा आहे. नेहमीचं कूलंट म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंज रोखणारी रसायनं. या रसायनांमुळे ते वीज वाहून नेतं. त्याची वाहकता दर सेंटिमीटरला हजारो मायक्रोसीमेन्स असू शकते. त्यामुळेच बॅटरीच्या फेऱ्यासाठी काही कंपन्या खास कमी वाहकतेचं कूलंट वापरतात. ते १०० मायक्रोसीमेन्सच्या आत ठेवलेलं असतं. ४०० किंवा ८०० व्होल्टच्या भागांवर साधं कूलंट सांडलं तर त्यातून बारीक प्रवाह वाहू लागतो, धातू झिजतो, पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन तयार होतो आणि वाळल्यावर मागे वाहक क्षारांचा थर उरतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण २०११ सालचं आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने मे महिन्यात शेव्हरोले व्होल्ट या गाडीची बाजूने खांबावर आदळवून चाचणी घेतली. त्यात बॅटरीला इजा झाली आणि कूलंटची नळी फुटली. गाडी आवारात उभी होती. तीन आठवड्यांनी तिने पेट घेतला. कंपनीने नंतर बॅटरीभोवतीचा सांगाडा मजबूत केला आणि कूलंटच्या टाकीत पातळी ओळखणारा सेन्सर बसवला. जानेवारी २०१२ मध्ये चौकशी बंद झाली. आदळल्यावर लगेच काही झालं नाही, तीन आठवड्यांनी झालं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गाडीखाली जोराचा मार बसला असेल तर 'चालते आहे ना' एवढ्यावर समाधान मानू नये ते याच कारणाने.

हात लावण्याआधी

चार्जिंगची केबल काढा. गाडी बंद करून लॉक करा आणि किल्ली लांब ठेवा, नाहीतर जवळ जाताच गाडी जागी होते. केबल लावलेली असेल तर पंखा आणि पंप कधीही आपोआप सुरू होऊ शकतात, बोटं पंख्याजवळ असतील तेव्हाही. पाहणी सकाळी करा, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. नुकतीच चालवलेली किंवा फास्ट चार्ज केलेली गाडी असेल तर टाकीचं झाकण उघडू नका. कूलंट ६० अंशांचं असलं तरी चटका बसतो.

नारिंगी रंगाच्या केबल आणि त्या जिथे जातात ते डबे उच्च दाबाचे, म्हणजे शेकडो व्होल्टच्या विजेचे असतात. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर ओल असेल तर पुसायलाही नाही. गाडी जॅकवर उचलून खाली शिरू नका. खालचं बघायला मोबाइलचा कॅमेरा आणि टॉर्च पुरेसे आहेत.

लागणारं सामान थोडंच आहे: टॉर्च, पांढरे टिश्यू कागद, रबरी हातमोजे, काचेचा एक तुकडा किंवा बशी, रंगीत चिकटपट्टी, आणि चारही चाकांमध्ये पसरेल एवढा कोरा पुठ्ठा.

टाकीवरची चिकटपट्टी

टाकी अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची असते आणि तिच्यावर कमाल-किमान अशा दोन रेषा असतात. पातळी त्या दोन रेषांमध्ये हवी, गाडी थंड असताना. बहुतेक लोक इथेच थांबतात. पण 'दोन रेषांमध्ये' म्हणजे बरंच अंतर असतं, आणि त्या अंतरात पाव-अर्धा लिटर कूलंट गेलेलं कळतही नाही. म्हणून पातळी जिथे आहे तिथे टाकीच्या बाहेरून चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावा. तारीख आणि बाहेरचं तापमान लिहून ठेवा. आठवड्याने पुन्हा बघा, सकाळीच, गाडी त्याच जागी आणि सपाट जमिनीवर उभी असताना.

'त्याच वेळी' हा आग्रह कशासाठी, ते आकड्यांत पाहा. ग्लायकॉल आणि पाणी निम्मेनिम्मे असं १० लिटर मिश्रण ३० अंशांनी तापलं तर ते साधारण १५० ते १८० मिलिलिटर फुगतं. टाकी १० बाय ८ सेंटिमीटर असेल तर पातळी जवळजवळ २ सेंटिमीटर वर जाते. म्हणजे संध्याकाळी गाडी थांबवून बघितलेली पातळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पातळी यांची तुलना केली तर गळती नसताना गळती दिसेल. उलटही होतं: गळती असून दुपारच्या गरमीत पातळी जागेवरच दिसते.

आता गळतीचं गणित. एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा धरला तर मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला ७२ मिलिलिटर, आठवड्याला अर्धा लिटर. ही मोठी गळती झाली, पुठ्ठ्यावर लगेच दिसेल. पण दर दहा मिनिटांना एक थेंब असेल तर महिन्याला जेमतेम २०० मिलिलिटर जातं. एवढं कूलंट कोमट धातूवर पडून वाळूनही जातं, जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. ते पकडायला चिकटपट्टीच लागते.

वर्ष-दीड वर्षात पातळी अगदी थोडी, एखाद्या बोटाच्या जाडीपेक्षा कमी उतरली तर घाबरायचं कारण नाही. रबरी नळ्यांच्या भिंतींतून पाण्याचा अंश सावकाश बाहेर जातच असतो. आठवड्यात किंवा महिन्यात तेवढीच उतरली तर मात्र शोध घ्यायचा.

झाकणाखाली आणि टाकीच्या मानेभोवतीही बघा. तिथे पांढुरका किंवा रंगीत सुका थर असेल तर एक साधं कारण असू शकतं: कुणीतरी कमाल रेषेच्या वर भरलं आहे आणि गरम झाल्यावर जास्तीचं बाहेर आलं आहे. अशा वेळी पातळी रेषेवर आल्यावर उतरणं थांबतं. थांबलं नाही तर झाकणाचं रबर किंवा टाकीचा सांधा संशयित.

पुठ्ठ्यावरचा डाग

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवा आणि त्यावर चारही चाकांच्या जागा पेनने आखून ठेवा. सकाळी डाग दिसला तर तो पुढच्या चाकांपासून किती अंतरावर, डावीकडे की उजवीकडे, हे लगेच सांगता येतं. गॅरेजमध्ये नेताना हाच पुठ्ठा सोबत न्या, मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो.

डाग कसला हे आधी ठरवायला हवं, कारण विजेवरच्या गाडीखाली पाणी पडणं अगदी नेहमीचं आहे. एसी चालू असताना केबिनच्या पुढच्या भागाखाली स्वच्छ, बिनवासाचं पाणी ठिबकतं. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून केबिन गरम करणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत थंडीत पुढच्या रेडिएटरवर बर्फ साचतो, वितळतो, कधी वाफही दिसते. हे सगळं ठीक आहे. काच धुण्याचं पाणी निळं असतं आणि काही कूलंटही निळी असतात, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. वास आणि स्पर्श पाहा: काच धुण्याच्या पाण्याला साबणाचा किंवा स्पिरिटचा वास येतो. कूलंट हातमोज्यावर बोटांमध्ये चोळलं तर आधी बुळबुळीत आणि नंतर चिकट लागतं. तेलाचा डाग गिअरबॉक्सचा असू शकतो. चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ब्रेक ऑइलची शंका घ्या आणि गाडी चालवू नका.

तरी खात्री होत नसेल तर एक सोपा प्रयोग आहे. त्या द्रवाचे दोन-तीन थेंब काचेवर घ्या आणि शेजारी साध्या पाण्याचे दोन थेंब ठेवा. काच घरात, कुत्री-मांजरं पोहोचणार नाहीत अशा जागी, रात्रभर उघडीच राहू द्या. सकाळी पाणी उडून गेलेलं असेल. कूलंटमधलं पाणी उडेल, पण ग्लायकॉल फार सावकाश उडतं, त्यामुळे चिकट, चकचकीत थेंब जागेवर राहील. चव घेऊन बघायची कल्पनाही नको. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे, ते मूत्रपिंडं निकामी करतं. त्याच्या गोडीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून सांडलेलं कूलंट लगेच टिपून घ्या, जागा भरपूर पाण्याने धुवा आणि टिपलेले कागद बंद पिशवीत टाका.

डागापासून गळतीपर्यंत

थेंब जिथे पडला तिथेच गळती असेल असं नाही. विजेवरच्या गाड्यांच्या पोटाखाली मोठमोठी सपाट आवरणं असतात. वर गळलेलं कूलंट त्या आवरणावर साचतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि आवरणाच्या मागच्या कडेच्या छिद्रातून टपकतं. तेव्हा शोध उलट दिशेने घ्यायचा: ओल्या भागातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा कोणती, ते बघायचं.

बॉनेट उघडा, वरचं प्लॅस्टिकचं आवरण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे निघत असेल तर काढा, आणि टाकीपासून निघणाऱ्या प्रत्येक नळीच्या मागोमाग टॉर्च न्या. गळतीची खूण म्हणजे थेंबच असतो असं नाही. जोडाखाली भुकटीसारखा सुका थर, पांढरा, हिरवट, गुलाबी किंवा निळसर. धुळीने माखलेल्या भागात एकच स्वच्छ ओघळ. ॲल्युमिनियमवर खडबडीत पांढरे फोड. टिश्यू कागदाची घडी करून जोडाच्या खालच्या बाजूने फिरवा. डोळ्याला न दिसणारी ओल कागदावर लगेच उमटते.

या गाड्यांत झटपट बसणारे प्लॅस्टिकचे जोड पुष्कळ असतात: नळी ढकलली की 'टक' आवाज येतो आणि तारेची क्लिप अडकते. आत एक रबरी कडी असते. दुरुस्तीच्या वेळी क्लिप अर्धवट बसली, किंवा कडी कोरडीच ढकलल्यामुळे चिरली, तर जोड काही दिवस टिकतो आणि मग पाझरू लागतो. एखाद्या कामासाठी गाडी नुकतीच उघडली असेल तर पहिली नजर तिथेच टाका. स्टीलच्या क्लॅम्पखाली ॲल्युमिनियमची नळी असेल तर तिथे गंजून रबर उचललं जातं. थंडीत रबर आक्रसतं, त्यामुळे काही जोड फक्त पहाटेच गळतात आणि गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत कोरडे होतात. अशा गळतीचा फोटो पहाटेच काढून ठेवा.

समोरच्या रेडिएटरला जाळीतून उडालेल्या खड्यांचा मार बसतो. टॉर्च तिरपी धरली की रेडिएटरच्या पातळ पात्यांचा ओला झालेला पट्टा आजूबाजूपेक्षा गडद दिसतो. उंदरांनी कुरतडलेल्या नळ्या, एखाद्या पट्टीवर घासून झिजलेली नळी, टाकीच्या दोन अर्ध्या भागांचा सांधा, याही नेहमीच्या जागा. बॅटरीकडे जाणाऱ्या नळ्या पोटाखालून जातात. खाली दगड लागला असेल तर तिथे मोबाइलचा कॅमेरा नक्की न्या.

अतिनील प्रकाशात चमकणारा रंग टाकून गळती शोधायची पद्धत जुन्या गाड्यांत सर्रास वापरली जाते. इथे ती स्वतःहून वापरू नका. कमी वाहकतेच्या कूलंटमध्ये परका रंग मिसळला की वाहकता वाढते. काही कूलंट मुळातच अतिनील दिव्याखाली चमकतात, तेव्हा नुसता दिवा टाकून बघायला हरकत नाही. गळती बुजवणारी रसायनं मात्र कोणत्याही परिस्थितीत नकोत. रेडिएटरमधलं छिद्र बुजवतील, पण बॅटरीच्या पट्ट्यांमधले बारीक मार्ग आणि झडपाही बुजवतील.

पातळी उतरते, जमीन कोरडी

बाहेर कुठेच ओल नाही आणि चिकटपट्टीच्या खाली पातळी सरकते आहे, तर कूलंट कुठल्यातरी बंद जागेत जातं आहे.

सगळ्यात निरुपद्रवी शक्यता आधी. नुकतंच कूलंटचं काम झालं असेल तर आत अडकलेली हवा हळूहळू टाकीत येते आणि पातळी उतरते. पंपातून खळखळ आवाज येत असेल तर हेच. पहिल्या काही दिवसांत हे थांबायला हवं.

केबिनचा हीटर कूलंटवर चालत असेल तर पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, गोडसर वास येतो, पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला लागतो. ज्या गाड्यांत हवा थेट विजेने तापते तिथे केबिनमध्ये कूलंट नसतंच.

चिलरमध्ये आतून छिद्र पडलं तर पातळी उतरण्याऐवजी चढते. एसीचा गॅस गाडी बंद असतानाही काही बार दाबावर असतो, कूलंट जवळजवळ बिनदाबाचं. त्यामुळे गॅस कूलंटमध्ये शिरतो: टाकीत बुडबुडे, झाकणातून उतू जाणं, आणि त्याच सुमारास एसी कमी थंड करू लागणं. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर दुसरीकडे शोधत बसू नका.

मोटर. काही मोटरींत कूलंट फिरत्या दांड्याच्या पोकळीतून जातं आणि तिथे सील असतो. फिरता सील झिजतो. काही रचनांत त्यातून थोडं झिरपेल हे गृहीत धरून छोटा कप्पा ठेवलेला असतो आणि सर्व्हिसच्या वेळी तो रिकामा करतात. जिथे असा कप्पा नाही तिथे झिरपलेलं कूलंट मोटरच्या पोटात, विजेच्या गुंडाळ्यांपर्यंत पोहोचतं. काही मोटरींत वेग मोजणारा सेन्सर काढून त्याचं टोक ओलं आहे का, एवढं बघून हे कळतं. पण ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाचं.

आणि बॅटरी. तिचा डबा पाणी आत जाऊ नये म्हणून घट्ट बंद केलेला असतो. याचाच अर्थ आत गळलेलं कूलंटही बाहेर येत नाही. ते तळाशी साचतं. काही गाड्यांत आत ओल ओळखणारा सेन्सर असतो. बाकीच्यांत पहिली खूण असते इन्सुलेशनची सूचना. गाडी स्वतः सतत मोजत असते की उच्च दाबाचा भाग आणि गाडीचा सांगाडा यांच्यात विजेला पुरेसा विरोध आहे का. सुरक्षा नियमांत ही मर्यादा प्रत्येक व्होल्टमागे १०० ते ५०० ओहम अशी असते, म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीत ४० हजार ते २ लाख ओहम. त्याखाली विरोध गेला की सूचना येते आणि बऱ्याच गाड्या एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. ही सूचना पावसाळी सकाळी येऊन दुपारी गेली तरी तिची नोंद ठेवा.

कमी होणारं कूलंट आणि इन्सुलेशनची सूचना एकत्र आली तर गाडी चालवू नका, चार्जिंगला लावू नका. उघड्यावर, घर आणि इतर गाड्यांपासून दूर उभी करा आणि कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करून ती उचलून न्यायला सांगा. हिस्स असा आवाज, बॅटरीकडून धूर किंवा रसायनासारखा उग्र वास आला तर लांब व्हा आणि अग्निशमन दलाला कळवताना गाडी विजेवरची आहे हे आधी सांगा.

भरायचं की नाही

पातळी किमान रेषेखाली गेली की बाटली आणून भरण्याचा मोह होतो. बऱ्याच कंपन्या मालकाने भरू नये असं स्पष्ट लिहितात, काही झाकणावर सीलही लावतात. जिथे परवानगी आहे तिथेही पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचंच कूलंट भरायचं. रंगाला कसलंही सार्वत्रिक प्रमाण नाही. एका कंपनीचं निळं आणि दुसऱ्या कंपनीचं निळं यांचा एकमेकांशी काही संबंध नसू शकतो. चुकीची दोन कूलंट मिसळली तर आत गाळ धरू शकतो. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातले क्षार वाहकता वाढवतात. तयार मिश्रण मिळत असेल तर त्यात आणखी पाणी घालायचं नसतं. निम्मेनिम्मे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठतं. पाणी वाढलं की हे संरक्षणही कमी होतं.

भरलंच तर किती मिलिलिटर भरलं ते लिहून ठेवा. दोनदा भरावं लागलं तर तिसऱ्यांदा बाटली नाही, गॅरेज.

गॅरेजमध्ये काय करून घ्यायचं

टाकीच्या झाकणाच्या जागी पंप लावून फेऱ्यात हवेचा दाब देतात आणि १०-१५ मिनिटं काटा खाली येतो का ते बघतात. दाब किती, हा प्रश्न जरूर विचारा. तो त्या फेऱ्याच्या झाकणावर किंवा कंपनीच्या सूचनेत दिलेल्या आकड्यापेक्षा जास्त नको. पेट्रोल इंजिनाच्या सवयीने एक बारहून जास्त दाब दिला तर बॅटरीतल्या पातळ पट्ट्यांना इजा होऊ शकते. फेरे झडपांनी वेगळे झालेले असतात, म्हणून चाचणी प्रत्येक फेऱ्याची स्वतंत्र किंवा झडपा उघड्या ठेवून व्हायला हवी. काटा उतरतो आणि बाहेर कुठेच ओल नाही, असं झालं तर इन्सुलेशन मोजून घ्यायचं. तेही योग्य हातमोजे आणि उच्च दाबाच्या भागाची वीज तोडण्याचं प्रशिक्षण असलेल्या माणसाकडूनच.

दुरुस्तीनंतर कूलंट निर्वात पद्धतीने, म्हणजे आतली हवा आधी ओढून काढून, भरलं का, आणि संगणक जोडून पंप-झडपांचा हवा काढण्याचा कार्यक्रम चालवला का, हे विचारा. नुसतं ओतून भरलं तर हवा अडकते. कमी वाहकतेचं कूलंट असेल तर मोजलेला आकडा बिलावर लिहून मागा. मग टाकीवर नवी चिकटपट्टी लावा आणि तिसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने सकाळी पातळी बघा. पहिल्या आठवड्यात थोडी उतरणं हवेमुळे असू शकतं. आठवडा आणि महिना यांच्यामध्ये ती हलायला नको.